हात कुठे थांबावेत

१२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीच्या दिवशी, सिंदखेडराजात पाय ठेवायला जागा नसते. लखुजी जाधवरावांच्या वाड्यात, जिजाऊंच्या जन्मस्थळी, लोक माथा टेकायला लांबून येतात. याच गावात पुतळा बारव ही पायऱ्यांची जुनी विहीर आहे, भिंतींत दगडी मूर्तीच मूर्ती. त्या गर्दीतली किती पावलं तिकडे वळत असतील?

बारवांकडे वळणारी माणसं आता वाढताहेत, हे खरं. रोहन काळे यांच्या महाराष्ट्र बारव मोहिमेने राज्यभरातल्या बारवा नोंदवल्या, महाशिवरात्रीला त्यांच्या पायऱ्यांवर दिवे लावले. लोणारात ‘मी लोणारकर’ म्हणत एकत्र आलेले गावकरी सरोवराच्या परिसरात साफसफाई करतात. सुट्टीच्या दिवशी घमेलं उचलणाऱ्या या माणसांविषयी मला मनापासून आदर आहे. म्हणूनच आग्रहाने सांगावंसं वाटतं, की श्रमदानात हात कुठे थांबवायचे हेही शिकायला हवं.

आपल्याकडे कितीतरी देवळं भक्तीपोटीच ऑइलपेंटने माखली गेली. रंगाखाली ओल कोंडते, दगडाचे पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याबरोबर मूर्तीची बोटं, नाक, दागिने झडतात. चुन्याच्या जुन्या सांध्यात सिमेंट भरलं तरी ओल अशीच अडकते. भिंतीतला पिंपळ उपटायला जावं, तर मुळांबरोबर दगडही निखळतो. पिंपळ कापायचा, आणि तोही जाणकाराला विचारून.

मातीच्या बाबतीत तर फारच जपायला हवं. २०२४ मध्ये सिंदखेडराजातच लखुजीरावांच्या समाधीच्या छत्रीच्या जतनाचं काम चालू असताना केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या लोकांना जमिनीत काही दगड दिसले. त्यांनी सावकाश खणलं. आधी शिवमंदिराचे अवशेष लागले, मग सुमारे सव्वादोन मीटर खाली शेषशायी विष्णू. पायाशी लक्ष्मी, शिळेवर समुद्रमंथन. तिथे कुणी उत्साहाने जेसीबी लावला असता तर? विचारानेच पोटात गोळा येतो.

प्लास्टिक, बाटल्या, काटेरी झुडपं आपण खुशाल काढावीत. कोरलेला तुकडा दिसला, की टिकाव खाली ठेवावा, आहे तिथेच त्याचा फोटो घ्यावा आणि पुरातत्त्व खात्याला कळवावं. आणि सिंदखेडराजातल्या शाळकरी पोरांनी पुतळा बारवेतल्या एकेका मूर्तीचं माप, जागा, चित्र वहीत उतरवावं, असं मला फार वाटतं. उद्या त्यातली एखादी निखळली किंवा चोरीला गेली, तर ती ओळखायला आणि पुन्हा जागेवर बसवायला ती वही उपयोगी पडेल.