परतावा कोणाचा?

विद्याधनास चोराचे भय नाही, असे आपणांस लहानपणीच शिकविले जाते. परंतु त्या विद्येसाठी काढलेल्या कर्जास पाय असतात, आणि ते चालत चालत दुसऱ्याच्या पेटीपर्यंत जाऊन पोहोचते, ही गोष्ट आम्हांस मुलुंडला बिऱ्हाड केल्यावर कळली.

आमचे उच्च शिक्षण बँकेच्या कर्जावर झाले. त्याचा हप्ता दरमहा त्याच बँकेतील आमच्या खात्यातून आपोआप वळता व्हावा, असा लेखी अधिकार आम्ही लग्नापूर्वीच दिला होता. लग्नानंतर त्या खात्यावर सौभाग्यवतीचेही नाव चढविले. दोन जीव एक झाल्यावर खाती दोन कशाला, ही आमची त्या वेळची रसिकता! पुढे आमची नोकरी सुटली व तीन हप्ते थकले. त्याच सुमारास तिच्या पगारातून अधिक कापला गेलेला आयकर सरकारातून परत आला. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ती रक्कम तिने मनाशी राखून ठेविली होती. सकाळी पैसे जमा झाले. सायंकाळी पाहतो तो थकलेल्या हप्त्यांत जिरलेले! तावातावाने बँकेत गेलो, तेव्हा तेथील गृहस्थांनी शांतपणे आमचीच सही आमच्यापुढे ठेविली.

मग आम्ही कायदा चाळू लागलो. आयकराच्या दृष्टीने आपल्या देशात पती आणि पत्नी या दोन स्वतंत्र व्यक्ती होत. त्यांची विवरणपत्रे निराळी आणि परतावेही निराळे. परताव्यातून सरकार आपले येणे वळते करून घेते खरे. परंतु ते त्याच करदात्याच्या थकलेल्या कराचे, नवऱ्याच्या शैक्षणिक कर्जाचे नव्हे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींची स्थिती निराळी आहे. तेथे जोडप्यास एकत्र विवरण भरता येते. आणि एकाने सरकारी शैक्षणिक कर्ज थकविले, तर दोघांचा सामाईक परतावा त्यापायी वळता करण्याची तरतूद आहे. अशा वेळी निर्दोष जोडीदाराने 8379 क्रमांकाचा अर्ज भरून आपला वाटा मागावयाचा असतो.

आपल्याकडे शिक्षणाच्या हिशेबाचा वाद जुनाच आहे. कुटुंबाच्या खर्चाने विशेष शिक्षण घेतलेल्या हिंदु मनुष्याची कमाई एके काळी अविभक्त कुटुंबाची ठरू शके. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या पुढाकाराने 1930 साली हिंदु विद्याधन कायदा झाला, आणि ती कमाई ज्याची त्याची झाली. मग विद्येचे फळ ज्याचे, तिचे ऋणही त्याचेच असावे, हे ओघानेच आले. पत्नी सहकर्जदार किंवा जामीन नसेल, तर केवळ पत्नी म्हणून हे कर्ज तिच्या माथी बसत नाही. मात्र जामीन म्हणून तिने सही केली, की 1872 च्या करार कायद्याप्रमाणे, करारात निराळे ठरले नसल्यास, तिची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच होते.

तात्पर्य, कायद्याने भिंत बांधून दिली होती. तिला भगदाड पाडले ते आम्ही, आणि तेही प्रेमाच्या नावाने! आता सौभाग्यवतीने केवळ स्वतःच्या नावे दुसऱ्या बँकेत खाते उघडले असून परताव्यासाठी तेच आयकर खात्याकडे नोंदविले आहे. घरखर्चाचे खाते अद्यापि सामाईकच आहे; कर्जाचा हप्ता मात्र आमच्या एकट्याच्या खात्यातून जातो. एवढ्याशा कामास अर्धा दिवस पुरला. तो अर्धा दिवस लग्नाच्या पहिल्या महिन्यातच काढावयास हवा होता. परंतु असे विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे तेव्हा दोघांसही वाटले.

त्या सायंकाळी ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "मागितले असते, तर दिलेच असते."

आईची शस्त्रक्रिया दोन महिने लांबली. नवी नोकरी लागताच आम्ही ती रक्कम तिच्या खात्यात भरली, आणि शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. पुढील महिन्यात आमचा एक हप्ता तिने आपण होऊन भरला. बँकेने नेलेल्या तीन हप्त्यांहून तो एक हप्ता आम्हांस अधिक जड वाटला.