लाइनीत होता

आमच्या घरात काही वाक्यं म्हणीसारखी झाली आहेत. अम्मीनं कुणाला विनाकारण रागावलं, शाळेत गुण कापले गेले, रेशनच्या रांगेतून मागं पाठवलं, की आम्ही दोघी बहिणी एकमेकींकडे बघायचो आणि म्हणायचो, "लाइनीत होता." म्हणजे चूक नव्हती, तरी शिक्षा झाली. हे वाक्य मूळचं अब्बांचं. ते आम्ही त्यांच्याच विरोधात पस्तीस वर्षं वापरलं.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार ही कुस्तीच्या आखाड्यांची नावं वाटतील, पण राजर्षी शाहू स्टेडियमवर ती फुटबॉलची नावं असतात. आमच्या पेठेच्या तालमीतही हिंदू-मुसलमान पोरं एकाच रंगाची जर्सी घालून खेळायची. अब्बा स्वतः खेळलेले, पुढं गुडघा गेल्यावर सामन्यांना लाइनमन म्हणून उभे राहायचे. भाईजान एकोणिसाव्या वर्षी तालमीच्या पहिल्या संघात आला, फॉरवर्ड म्हणून.

साल 1987. उपांत्य सामना. नेमलेला एक लाइनमन आलाच नाही. आयोजकांनी अब्बांना विचारलं, तर त्यांनी आधी नकार दिला: पोरगा खेळतोय, मला लावू नका. पण समोरच्या संघानंच सांगितलं, चाचा असू देत, आमची हरकत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत भाईजाननं गोल केला. आम्ही तेव्हा आठवीत आणि सहावीत. मुलींना स्टेडियमला कोण नेतंय? आम्ही छपरावर उभ्या होतो. तिथवर गर्दीचा आवाज यायचा, आणि आवाजावरून काय झालं ते कळायचं. त्या दिवशी गोलचा आवाज उठला आणि मध्येच मोडला. तसा मोडलेला आवाज आम्ही त्याआधी कधी ऐकला नव्हता.

अब्बांचा झेंडा वर होता. ऑफसाइड. पुढं टायब्रेकरवर तालीम हरली.

मगरिबनंतर दारात माणसं जमली. ओरडा कुणी केला नाही, अब्बांना मान होता. कुणीतरी एवढंच विचारलं, "चाचा, पोरगा नक्की पुढं होता का?" आणि अब्बा म्हणाले, "पुढं नव्हता. स्टॉपरच्या बराबर होता. लाइनीत होता."

झालं. आता याहून मोठी कबुली कोणती? पुढं नव्हता म्हणतात आणि झेंडा वर! पेठेत जे बोललं गेलं ते आमच्या कानावर तुकड्यातुकड्यांनी आलं. परके काही बोललेच नाहीत. बोलले ते आपले, आपल्याच मोहल्ल्यातले: घाबरला. मुसलमान लाइनमन, त्यात पोरगा फॉरवर्ड, उद्या कुणी बोट दाखवेल म्हणून आधीच झेंडा उचलला. इमानदारी दाखवायला पोराचा गोल खाल्ला. मशिदीतून येताना कुणीतरी हसत म्हणालं, "स्वतःला साफ ठेवायला घर पुसलं." हे वाक्य आम्हाला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

अब्बांनी खुलासा केला नाही. झेंडा मात्र पुन्हा हातात घेतला नाही. भाईजान वर्षभर त्यांच्याशी कामापुरतं बोलत राहिला आणि 1989 मध्ये फिटर म्हणून सौदीला, जुबैलला गेला. जाताना अब्बांच्या गळ्यात पडला, पण ते सगळेच पडतात.

ऑफसाइड म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. "तुम्हाला काय करायचंय त्याचं" हे उत्तर ठरलेलं. लग्नं होऊन एक मिरजेला गेली, एक कोल्हापुरातच राहिली, आणि 1998 च्या विश्वचषकात रात्री मुलं झोपल्यावर टीव्हीसमोर बसून आम्ही तो आपापल्या घरी शिकलो. मग सुट्टीत एकत्र आल्यावर जमिनीवर कॅरमच्या सोंगट्या मांडून मुलांना शिकवला. लोक समजतात की बॉल मिळतो तेव्हा तुम्ही कुठं आहात ते बघायचं. तसं नाही. साथीदाराचा पाय बॉलला लागतो त्या क्षणी तुम्ही कुठं होता ते बघायचं. त्या क्षणी तुम्ही समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात, बॉलच्याही पुढं आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढं असाल, तर ऑफसाइडच्या जागेत आहात. शेवटून दुसरा एवढ्यासाठी, की शेवटचा बहुधा गोलकीपर असतो. नुसतं त्या जागेत उभं राहणं गुन्हा नाही, तिथून खेळात भाग घेतला तर आहे. कॉर्नर, गोलकिक आणि थ्रो-इनवरून ऑफसाइड नसतो.

म्हणजे लाइनमनला एकाच वेळी दोन ठिकाणी बघावं लागतं: इकडे बॉल मारणारा पाय, तिकडे तीस-चाळीस पावलांवर धावणारी माणसं, तीही उलट दिशांना. फॉरवर्ड गोलकडे, बचाववाला गोलपासून दूर. नजर एकीकडून दुसरीकडे नेईपर्यंत दोघांत हातभर अंतर पडलेलं असतं. भाकरी तव्यावर असताना दारात कोण आलं हे बघणाऱ्या बाईला हे पटकन कळेल. पुरुषांना एवढा वेळ का लागतो, देव जाणे.

आणि त्या सोंगट्या मांडताना आमचा निकाल पक्का झाला. बरोबरीत असेल तर ऑफसाइड नाही. स्टॉपरच्या लाइनीत असेल तर गोल. टीव्हीवरचा प्रत्येक समालोचक तेच सांगत होता. म्हणजे पेठ खरं बोलली होती. अब्बा त्या दिवशी घाबरले होते. आम्ही त्यांना काही बोललो नाही, पण मुलांसमोर ती गोष्ट सांगताना आमचा आवाज बदलायचा. मुलांनी तो ऐकला असणारच.

22 नोव्हेंबर 2022, मंगळवार. कतारच्या लुसैल स्टेडियमवर अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया. आपल्याकडे दुपारी साडेतीनचा सामना. अब्बा शहाऐंशी वर्षांचे. कान गेलेले, डोळे शाबूत. थोरलीचा मुलगा जिल्ह्यातल्या सामन्यांत शिट्टी वाजवतो, तो शेजारी बसलेला. दहाव्या मिनिटाला मेसीनं पेनल्टीवर गोल केला आणि आम्ही म्हटलं, आता मोजत बसा. पण सौदीच्या बचावफळीनं वेगळंच धाडस केलं होतं. आपल्या गोलपासून खूप पुढं, जवळजवळ मैदानाच्या मध्यापर्यंत ती रेघ ओढून उभी. एकजण मागं राहिला तर सगळं बुडालं. पहिल्या अर्ध्या वेळात अर्जेंटिनानं आणखी तीनदा बॉल जाळ्यात घातला आणि तिन्ही गोल ऑफसाइड ठरले, एक मेसीचा, दोन लाउतारो मार्टिनेझचे. छताखालचे बारा कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे 29 बिंदू सेकंदाला पन्नास वेळा टिपत होते, बॉलच्या पोटातलं यंत्र सेकंदाला पाचशे वेळा सांगत होतं की पाय कधी लागला. आणि पडद्यावर मातीच्या बाहुल्यांसारखी माणसं उभी करून दाखवत होते: हा बघा, एवढा खांदा पुढं.

अब्बा पुढं वाकून बघत होते. म्हणाले, "मशीन आहे म्हणून बरं. माणसानं उचलला असता तर अर्जेंटिनावाले त्याच्या घरी गेले असते."

मध्यंतरात ते असर पढायला उठले. आम्ही मुलाला ती जुनी गोष्ट पुन्हा सांगितली. लाइनीत होता आणि तरी. तो मोबाइल बाजूला ठेवून म्हणाला, "अम्मी, साल कोणतं?"

"सत्त्याऐंशी."

"मग नानांचं बरोबर आहे. बरोबरीत असलेला ऑनसाइड हे 1990 मध्ये आलं. त्याआधी फॉरवर्डपेक्षा गोलरेषेच्या जवळ समोरचे दोन खेळाडू लागायचे. बरोबरीतला जवळ नसतो ना. गोलकीपर एकटा मोजला जाणार. म्हणजे ऑफसाइडच."

तो पुढं बरंच बोलत राहिला. 1863 मध्ये इंग्लंडात बॉलच्या पुढं असलेला प्रत्येकजणच बाद धरायचे, 1866 मध्ये तीन बचाववाल्यांचा नियम झाला, 1925 मध्ये तिनाचे दोन झाले. आम्ही ऐकत नव्हतो. "लाइनीत होता" ही कबुली नव्हती. ते कारण होतं. दारात विचारणाऱ्याला अब्बांनी सरळ नियम सांगितला होता, आणि सगळी पेठ त्याला गुन्ह्याचा कबुलीजबाब समजली. तीन वर्षांनी नियम बदलला आणि मग तर त्यांच्या बाजूनं बोलणारा कायदाच राहिला नाही. आम्ही 1998 चा नियम घेऊन 1987 चा झेंडा तपासत होतो.

आत नमाज चालू होती. आम्ही दाराकडे बघायचं टाळलं.

सामना सौदीनं दोन-एक जिंकला. सालेह अल-शहरी, मग सालेम अल-दव्सारी, पाच मिनिटांत दोन गोल. रात्री भाईजानचा फोन आला, मागं गाड्यांचे हॉर्न. उद्या बादशहानं सुट्टी जाहीर केली म्हणून खुशीत होता. आम्ही स्पीकर लावला आणि 1990 ची गोष्ट त्याला सांगितली. सांगताना रडूच येत होतं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"इथं आल्यावर चार-पाच वर्षांत. कंपनीच्या मैदानावर एक सुदानी फोरमन रेफरी असायचा, त्यानं सांगितलं."

"मग अब्बांना बोलला नाहीस?"

"तेव्हा फोनला मिनिटाला किती रियाल पडायचे," तो म्हणाला. मग म्हणाला, "आणि बोलायचं म्हणजे कसं सुरू करायचं?"

आम्हालाही तो बोलला नव्हता. त्याच्या वतीनं आम्ही ती अढी इतकी वर्षं सांभाळली होती.

अब्बांना फोनवरचं ऐकू येत नव्हतं. ते आमच्या तोंडांकडे बघत होते. "काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं. आम्ही त्यांच्या कानाशी गेलो, पण तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "राहू दे. त्याला विचारा, गुडघा कसा आहे. त्याच्या वयात माझा गेला होता."