मुका मार

पलंगाचा कोपरा नडगीला लागला की आधी तोंडातून शिवी निघते आणि संध्याकाळपर्यंत काळंनिळं उमटतं. कातडी शाबूत असते. आतल्या केशवाहिन्या फुटून रक्त साकळलेलं असतं.

घरातली आजी लगेच सहाणेवर आंबेहळद उगाळायला घेते. चिमूटभर तुरटी घालून लेप पळीत कढवायचा आणि सोसवेल इतका गरम थापायचा, ही तिची रीत. लेपाला हरकत नाही, घाई नडते. पहिले दोन दिवस गार हवं: फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, पाय उशीवर. लगेच ऊब दिली तर रक्त आणखी पसरतं. चोळायचं तर नाहीच. (तेलाची वाटी घेऊन धावणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतंच.) शेक तिसऱ्या दिवसापासून.

पुढचं काम शरीराचं. साकळलेल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनपासून आधी हिरवट बिलिव्हर्डिन तयार होतं, मग पिवळं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत डोळे पिवळे करणारंच. डाग साधारण दोन आठवड्यांत जातो.

मात्र रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मार डोक्याला बसला असेल किंवा काही न लागताच डाग उठत असतील, तर सहाण बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.