शाळा सोडणार नाही, इतिहास मात्र घरीच शिकवू

आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाने मुलांची नावे शाळेतून काढली आणि घरीच शिकवायला सुरुवात केली. भेटले की ते आम्हालाही समजावतात. शाळा म्हणजे तुरुंग, शाळा मुलांची बुद्धी मारते, तुमच्या घरात एवढी पुस्तके आहेत, मग तुम्ही कशाला पाठवता? विचारतात आपुलकीने, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे.

ज्यांच्या सात पिढ्या शाळेत गेल्या त्यांना शाळेचा कंटाळा आला, तर ते आम्ही समजू शकतो. आमच्या घरात शाळा येऊन जेमतेम तीन पिढ्या झाल्या. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी होती. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा व्हायला 2009 साल उजाडले. मध्ये सव्वाशे वर्षे गेली. एवढ्या वर्षांनी हाती आलेली वस्तू आपण आपल्या हाताने परत करायची? आणि दुसरे असे, की घरात शिकणारे मूल शेवटी आपल्याच जातीत शिकते. शेजारच्या बाकावर कोण बसणार हे जिथे आई-बाप ठरवू शकत नाहीत, अशी आपल्या समाजात शाळेशिवाय दुसरी जागा किती?

तेव्हा शाळा सोडायची नाही, हे पक्के. पण इतिहासाचे काय?

हा प्रश्न आमच्या डोक्यात 2020 च्या लॉकडाऊनमध्ये शिरला. घरात दोन मुले आणि एक मोबाइल. थोरली तेव्हा सहावीत होती. सहावीला प्राचीन भारताचा इतिहास असतो. एका दुपारी पुस्तक मिटून तिने विचारले, "पप्पा, यात आपण कुठे आहोत?" आम्ही सरसावून बसलो. कोरेगाव, 1818. महाड, 1927. नागपूर, 1956. सगळे घडाघडा सांगितले. ती म्हणाली, "हे नंतरचं झालं. त्याआधी आपण नव्हतोच का?"

वीस वर्षे चळवळीत काढलेल्या आम्हा नवरा-बायकोला या प्रश्नावर एक धड वाक्य सुचले नाही. जे सुचले ते सगळे भाषणातले होते.

मग ठरवले की भाषण बंद. आम्ही वसई-विरारकडे राहतो. आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर सोपारा आहे, प्राचीन शूर्पारक. निर्बंध उठल्यावर पहिली फेरी तिथे केली. विटांचा स्तूप आणि भोवती झाडे. धाकटा सात वर्षांचा, त्याने पहिल्याच मिनिटाला निकाल दिला, "हा तर पडलेला आहे." पण गोष्ट सांगायला लागल्यावर गप्प झाला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड खणले तेही 1882 सालीच. म्हणजे जोतीराव आयोगाकडे शाळा मागत होते त्याच वर्षी इथे जमिनीतून बुद्ध वर येत होता. हा योगायोगच, त्यात आम्ही जास्त काही भरत नाही, पण मुलांच्या लक्षात हे साल कायमचे बसले. खणण्याआधी आसपासचे लोक या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. टोपल्या-सुपे विणणाऱ्याचा कोट! खाली स्तूप आहे हे लोक विसरले, तरी या जागेला नाव दिले ते एका कारागिराचे.

आत काय सापडले? मधोमध विटांच्या पोकळीत दगडी पेटी, तिच्यात एकात एक बसवलेले करंडक. तांब्याचा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सगळ्यांच्या आत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. भोवती कांस्याच्या आठ मूर्ती. थोरली विचारात पडली. "सोन्याच्या डबीत मडक्याचे तुकडे?" आम्ही काही बोललो नाही. हा प्रश्न तिला घरी न्यायचा होता.

घरी आल्यावर दोघांनी स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे एकात एक घालून बघितले. पाच जमले. त्यावरून घरात भांडणही झाले, कारण त्यातला एक डबा चहापत्तीचा होता.

लिपीही अशीच शिकलो. अशोककालीन ब्राह्मीत 'क' म्हणजे बेरजेचे चिन्ह. 'ग' म्हणजे कौलारू घराचे छप्पर. 'न' म्हणजे आडव्या रेघेवर उभी काठी. आधी कणकेवर काडीने काढले, मग शाडूच्या पाट्या केल्या. जेम्स प्रिन्सेपने 1837 साली ही लिपी वाचली, ती सांचीच्या छोट्या लेखांवरून. प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात हे त्याने हेरले आणि ते 'दानं' असावे असा कयास बांधला. आम्ही मुलांना पाच पाट्या करून दिल्या, शेवटी तीच अक्षरे ठेवली आणि ओळखायला सांगितले. थोरलीला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात तिने एकदाही मोबाइल मागितला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

आता आमच्या फजितीबद्दल. पुढच्या हिवाळ्यात कार्ल्याला गेलो. दादरला गाडी बदलून लोणावळा आणि तिथून पुढे. एकवीरेच्या भक्तांच्या गर्दीतून पायऱ्या चढून चैत्यगृहाच्या दारात उभे राहिलो आणि आम्ही सवयीने म्हणालो, "बघा, सम्राट अशोकाने केवढं मोठं काम केलं!" हे वाक्य आम्ही जयंतीच्या व्यासपीठांवरून कितीदा टाकले असेल. थोरलीने आदल्या आठवड्यात टिपणे काढली होती. ती म्हणाली, "अशोकाने नाही. हे अशोकानंतर तीनेकशे वर्षांनी झालंय. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठने केलं असं इथेच लिहिलंय. आणि दाराचं काम धेनुकाकटच्या सामी सुताराचं. दुसरं दार सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याचं." मग खांबांवर यवनांची नावे. हवेत बोट फिरवत, दगडाला हात न लावता, तिने 'दानं' शोधून दाखवले. अक्षरांचे वळण बदललेले होते, तरी सापडले.

आम्ही वरमलो. पण नंतर विचार केला तर ही चूक साधी नव्हती. आपल्याला राजा हवा असतो. त्यांचा राजा तसा आपला राजा! आणि इथे दगडावर सुतार उभा आहे, गंधी उभा आहे. जुन्नरच्या लेण्यांत तर बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे धर्मादायाची ठेव ठेवल्याचा लेख आहे. म्हणजे बुरडांवर लोक ठेव सोपवत होते. जो समाज पुढे बुरडाला गावाच्या कडेला बसवतो, त्याच मातीत एके काळी त्याची पत अशी होती. तरी तेव्हा जात नव्हतीच असे ठोकून देण्याचा मोह आम्ही आवरतो. कार्ल्याच्या त्या सुताराने आपली ओळख गाव, धंदा आणि बाप यांवरून दिली, एवढे दगड सांगतो. तेवढे पुरेसे आहे.

खरी परीक्षा पुढे झाली. सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला आहे. लेखाचा आशय मोठा छान आहे. पूर्वीचे राजे शिकारीला, मौजमजेच्या यात्रांना जात. अशोक राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. आमच्या सहलींना मुलांनी लगेच तेच नाव दिले. पण या यात्रांत राजा काय करी? वृद्धांना भेटे, त्यांना सोने देई, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी धम्मावर बोले. आणि ब्राह्मणांना व श्रमणांना भेटून दान देई.

हे शेवटचे वाक्य आम्हाला गाळायचे होते. लपवाछपवी कशाला, खरोखर गाळायचे होते. मुले लहान आहेत, नंतर सांगू, असे रात्री आमचे ठरलेही. मग आठवले की ज्यांच्यावर इतिहास गाळल्याचा आरोप आपण आयुष्यभर करत आलो, तेही असेच मुलांच्या भल्यासाठी गाळत असतील. सकाळी वाक्य वाचून दाखवले. थोरलीने विचारले, "अशोक ब्राह्मणांनाही दान द्यायचा?" हो, द्यायचा. तो सगळ्या पंथांचा मान ठेवत होता. त्याचा मान ठेवणे वेगळे आणि जन्मावरून कोणाला श्रेष्ठ मानणे वेगळे, यावर दोन दिवस घरात चर्चा चालली. त्यानंतर व्हॉट्सअॅपवर आपल्याच बांधवांकडून आलेला एखादा दणदणीत मजकूर आम्ही वाचून दाखवला की ती विचारते, "कोणत्या लेखात आहे?" निम्म्या वेळा आमच्याकडे उत्तर नसते. काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, मुलीला फार डोक्यावर बसवले आहे. बसवले आहे.

वेरूळ अजून व्हायचे आहे. ते ठरवताना आम्ही मुलांना 1934 ची हकीकत सांगितली, बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिलेली. ते सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याबाहेर हौदावर प्रवासाची धूळ धुतली, तर पाणी बाटवले म्हणून मारायला लोक धावले. शेवटी किल्ल्यात सोडले ते आत कुठे पाण्याला शिवू नये म्हणून सोबत हत्यारी शिपाई देऊन. धाकट्याने विचारले, "मग बाबासाहेबांनी किल्ला बघितला का?" बघितला. कार्ल्याला पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसते म्हणून खूश झालेला तो पोरगा थोडा वेळ काही बोलला नाही.

घरातल्या सणांची अडचण याच वाटेवर सुटली. दिवाळी-गणपती आमच्या आई-वडिलांनी सोडले. त्या जागी मोठ्यांना सभा मिळाली, मुलांना काय मिळाले? पांढरे कपडे आणि पाठ केलेले भाषण. बाबासाहेबांनी दीक्षेसाठी अशोक विजयादशमीचा दिवस निवडला, महाविद्यालयांना सिद्धार्थ आणि मिलिंद ही नावे दिली. प्राचीन इतिहास रोजच्या बोलण्यात आणण्याची त्यांची ही रीत आपण नावांपुरतीच ठेवली. आता आमच्या घरी 14 ऑक्टोबरला खीर होते, वंदना होते आणि मुले अंगणात विटा-मातीचा हातभर उंच स्तूप रचतात. त्यात पाच डबे. शेजाऱ्यांची मुलेही येतात, ज्यांचे नाव शाळेतून काढले आहे तीही. प्रत्येकाने सगळ्यात आतल्या डब्यासाठी काहीतरी द्यायचे आणि मातीच्या पाटीवर ब्राह्मीत आपले नाव, काम आणि पुढे 'दानं' लिहायचे.

पहिल्या वर्षी आजी हे सगळे खाटेवरून बघत होती. घरी शिकवण्याच्या नुसत्या नावानेच तिने आधी आकाशपाताळ एक केले होते. "शाळंसाठी म्या आईचा मार खाल्ला, शेण काढून मग जायची, आन् तुमी पोरं घरी बसिवता?" शाळा सुटणार नाही हे तिला दहादा सांगावे लागले. त्या दिवशी ती उठली आणि ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन आली. तिचा चौथी पास झाल्याचा दाखला. थोरलीने दोन्ही हातांनी घेतला आणि सगळ्यात आतला डबा उघडला.

"थांब," आजी म्हणाली. "आधी झेरॉक्स काढून आन. खरा मातीत घालायला दिला न्हाय."

पाटीवर थोरलीने तिचे नाव लिहिले. काम काय लिहू, म्हणून विचारले, तर म्हणाली, "लिही, शाळंत जात व्हती."