घडणावळ

मध्यमवर्गीय संसारात काही शब्दच हिशेबाच्या वहीचे काम करतात. 'घडणावळ' हा त्यांतला एक. बांगड्या करताना सोनार सोन्याची किंमत घेतो आणि वर घडणावळ घेतो. पुढे अडीनडीला त्याच बांगड्या मोडायला नेल्या, तर तो कस पाहतो, वजन करतो, तूट धरतो. घडणावळीचे मात्र नावही काढीत नाही. तुमच्या नक्षीचे त्याला कौतुक असते, पण ते तोंडी! आमच्या घरातल्या बायकांना ही गोष्ट लहान वयातच कळलेली असते. पुरुषांना ती कळण्यासाठी मोटार घ्यावी लागते, आणि तीही जुनी.

त्यातून आम्ही पडलो निगडीकर. ज्या १९७२ साली इथले नवनगर प्राधिकरण स्थापन झाले, त्याच साली शेजारच्या आकुर्डीच्या बजाजने चेतक स्कूटर बाजारात आणली. पुढे आमच्यापैकी अनेकांचे प्लॉट आणि चेतक यांचे हप्ते एकाच पगारातून जात. ती स्कूटर घरी आली की पहिल्याच रविवारी आम्ही तिच्यावर संस्कार सुरू करीत असू. पुढे गार्ड, मागे गार्ड, स्टेपनीला रेक्झिनचे आवरण, हँडलला झालरी, सीटला मखमली गवसणी आणि दोन सुरांचा हॉर्न! मूळ स्कूटर त्यात कुठे तरी असे. तिचे वजन वाढून तिची चाल मंदावली, असे कोणी म्हटले तर आम्हाला राग येई. तेव्हा हौस ही केवळ आजच्या पोरांनीच शोधून काढली आहे, असे समजण्याचे कारण नाही. फरक झाला आहे तो आकड्यांत. आमची हौस शेकड्यांत भागे. माझ्या भाच्याची साडेसात लाखांवर गेली.

भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. वय सत्तावीस, चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्याच्याकडे जी गाडी आहे, ती पाहायला आमच्या गल्लीत अजूनही माणसे थांबतात. ती आहे सॅन स्टॉर्म. हे नाव पुष्कळ वाचकांना परके वाटेल. १९९८ च्या सुमारास सॅन मोटर्स या कंपनीने गोव्यात ही दोन आसनांची, उघड्या टपाची ठेंगणी मोटार बनवायला घेतली. तिचा आराखडा फ्रेंचांचा, अंग फायबरचे आणि इंजिन रेनॉ कंपनीचे, ११४९ सीसीचे. हेच इंजिन युरोपात रेनॉच्या क्लिओ, ट्विंगो अशा साध्या, घरगुती गाड्यांत असे. त्याची ताकद साठ अश्वशक्तींच्या आसपास. आजच्या बाजारात हा आकडा कोणी अभिमानाने सांगणार नाही. पण गाडी हलकी आणि बसणारा जमिनीलगत, त्यामुळे ताशी साठ किलोमीटरला नव्वदाचा आनंद मिळे. गाड्या थोड्याच निघाल्या आणि काही वर्षांत कारखानदारीही थांबली. ज्यांच्याकडे ती राहिली, त्यांच्याकडे ती ठेव्यासारखी राहिली.

आमच्या मेहुण्यांनी ती २००८ साली गोव्यातून जुनी आणली, तेव्हा साऱ्या नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. मेहुणे म्हणजे अत्यंत काटकसरी गृहस्थ. चिंचवडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. दोन सदऱ्यांवर वर्ष काढायचे. चहात साखर कमी घालायचे, आणि ते तब्येतीसाठी नव्हे! अशा माणसाने दोन आसनांची उघडी मोटार आणावी, आणि घरात माणसे तीन! पण दर रविवारी पहाटे ते आणि माझी बहीण त्या गाडीतून लोणावळ्याच्या बाजूला जात आणि नाश्त्याच्या वेळेला परत येत. दहा वर्षांचा भाचा तेवढा वेळ आमच्याकडे असे. गॅलरीच्या कठड्याला टेकून तो रस्त्याकडे पाहत राही. लहान मुलाला दोन आसनांचे गणित पटवून देणे फार अवघड असते.

मेहुणे जाऊन आता चार वर्षे झाली. गाडी मुलाकडे आली. आणि गेल्या वर्षी त्याने माझ्यापुढे एक कागद ठेवला. मी टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस. कागदावर आकडे असले की मला चष्मा शोधावा लागत नाही. इंजिनाला टर्बो, त्यासाठी आतले बदल आणि नवा संगणक मिळून साडेतीन लाख. ब्रेक, शॉकअब्सॉर्बर, मोठी चाके मिळून दोन लाख. बाहेरचे अंग रुंद करून नवा रंग, सव्वा लाख. आसने आणि गाणी ऐकण्याची सोय, पाऊण लाख. एकूण साडेसात. "मामा, तुम्ही आईला सांगा," तो म्हणाला.

आईला सांगण्याची गरज नव्हती. ती आदल्याच दिवशी माझ्याकडे येऊन गेली होती. मेहुण्यांच्या प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे तिने बँकेत मुदत ठेवीत ठेवले आहेत. ती म्हणाली, "दादा, त्याला दुसरी कसली हौस नाही. ठेव मोडून देते. मला काय करायचेत?" मी मनात हिशेब केला. साडेसात लाखांचे सात टक्क्यांनी वर्षाचे व्याज साडेबावन्न हजार. महिन्याचे चार हजारांहून थोडे अधिक. तिचे औषध, दूध आणि विजेचे बिल त्यात बसते. म्हणजे प्रश्न मोटारीचा नव्हता. दुधाच्या पिशवीला टर्बो बसवावा काय, असा तो प्रश्न होता.

मी भाच्याला घेऊन हिशेबाला बसलो. पहिला हिशेब बाजाराचा. जुन्या गाड्यांच्या एका जाणत्या व्यापाऱ्याकडे आम्ही दोघे गेलो. आहे तशी, ठाकठीक करून दिली तर तीन लाखांपर्यंत मिळतील, असे तो म्हणाला. आणि साडेसात लाख घातल्यावर? त्याने थोडा विचार केला. "साडेतीन म्हणा. तेही मूळचे काढलेले सामान जपून ठेवले असेल तर." म्हणजे सात लाख घडणावळ! व्यापारी लबाड नव्हता. जुनी दुर्मीळ गाडी घेणारा माणूस ती कारखान्यातून निघाली तशी शोधत येतो. तुमच्या हौसेची किंमत त्याने का द्यावी? त्याला स्वतःची हौस असते. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरील गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम केले, त्यांतही गाडी मूळ स्वरूपात असावी, सांगाडा, अंग आणि इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत, अशीच अट आहे. ही गाडी पन्नाशीची होईल तेव्हा भाचाही पन्नाशीत असेल. तोवर ती जशीच्या तशी राखणे हीसुद्धा एक मिळकत होऊ शकते. पण ती सबुरीची मिळकत आहे, आणि सत्तावीसाव्या वर्षी सबुरी कोणाला परवडते?

दुसरा हिशेब कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीत मूळ तपशिलांहून वेगळे बदल करण्यावर बंधन घातले आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. कैदेचे भय भाच्याला वाटले नाही. तरुणांना ते वाटतही नाही. पण विमा कंपनीला न कळवता केलेल्या फेरफारांमुळे अपघातानंतरचा दावा अडचणीत येऊ शकतो, हे सांगितल्यावर तो गप्प झाला. रस्त्यावर आपल्या चुकीने दुसऱ्याच्या मुलाला लागले आणि विम्याने हात वर केले, तर पुन्हा आईचीच ठेव!

तिसरा हिशेब माझ्या धंद्यातला, आणि तो मला सर्वांत जवळचा. मोटार म्हणजे तडजोडींचा एक करार असतो. आराखडा करणाऱ्याने इंजिनाच्या ताकदीला साजेसा क्लच, क्लचला साजेसा गिअरबॉक्स, वेगाला साजेसे ब्रेक आणि वजनाला साजेशा स्प्रिंगा बसवलेल्या असतात. त्यातले एक कलम बदलले की बाकीची सारी कलमे तंटा करू लागतात. टर्बो बसवला की पिस्टनवर आणि बेअरिंगवर जास्त दाब येतो, उष्णता वाढते, म्हणून रेडिएटर मोठा हवा. ओढ वाढते, म्हणून क्लच घसरू लागतो. क्लच भक्कम केला की धक्का गिअरबॉक्सवर जातो. बिघाड नाहीसा होत नाही, तो पुढच्या खोलीत राहायला जातो. पुण्यात १९६६ पासून एआरएआयसारखी संस्था गाड्यांच्या चाचण्या करीत आली आहे, ती उगाच नव्हे. कारखानदार एक भाग बदलायचा तर महिनोन्‌महिने तपासतो. गॅरेजवाला बिचारा ती तपासणी तुमच्याच गाडीवर, तुमच्याच खर्चाने आणि तुम्हालाच आत बसवून करतो!

आणि एवढे करून मिळायचे काय? वारा हा मोठा कडक सावकार आहे. वेग वाढला की त्याला कापायला लागणारी ताकद घनाच्या हिशेबाने वाढते. वेग दुप्पट हवा तर ताकद सुमारे आठपट लागते. उलट साठाच्या वेगाला थांबवण्यासाठी ब्रेकला जे काम पडते, ते एकशेवीसला चौपट होते. द्रुतगती मार्गावरसुद्धा मोटारींना सपाटीवर ताशी शंभरची मर्यादा आहे, आणि ती गाठायला मेहुण्यांच्या वेळचे इंजिन पुरेसे होते. मग वरची ताकद वापरायची कुठे? भक्ती-शक्तीच्या चौकात, सिग्नल सुटायची वाट पाहताना?

तुम्ही म्हणाल, मामांनी पोराचा कागद फाडला असेल. तसे नाही. कारण मला आणखी एक हिशेब ठाऊक होता. आपण लग्नाच्या एका दिवसावर, मांडवावर, फुलांवर आणि जेवणावळीवर याहून मोठ्या रकमा घालतो. दुसऱ्या दिवशी त्या फुलांना बाजारात काय भाव येईल, असे कोणी विचारीत नाही. आनंदावर खर्च करणे हे पाप नाही. पाप आहे ते आनंदाच्या खर्चाला 'गुंतवणूक' म्हणणे, आणि तो दुसऱ्याच्या ताटातून करणे. म्हणून मी त्याला दोनच गोष्टी विचारल्या. हा पैसा परत येणार नाही असे धरून तू तो देशील काय? आणि तो तुझ्या पगारातून देशील काय?

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, बाबा असताना मला त्या गाडीत जागा नव्हती. मला ती माझी करायची आहे."

इतका वेळ मी लाखांचे बोलत होतो. त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर दिले ते माझ्या बहिणीने. ती स्वयंपाकघरातून ऐकत होती. म्हणाली, "अरे, जागा नव्हती म्हणून तर ते वेळेवर परत यायचे. लोणावळ्याला चहासुद्धा घेऊ द्यायचे नाहीत मला. पोरगा कठड्याशी उभा असेल म्हणायचे."

त्यानंतर कागद दुसरा झाला. टर्बो गेला, रुंद अंग गेले, गाणी गेली. राहिले ते ब्रेक, ब्रेकच्या नळ्या, टायर, मूळ मापाचे शॉकअब्सॉर्बर, इंजिनाची संपूर्ण उघडझाक, आणि पावसाने कुजलेल्या टपाच्या जागी नवा टप. एकूण पावणेदोन लाख, भाच्याच्या पगारातून, वर्षभरात. ठेव मोडली नाही. जे भाग बाजारात मिळेनात, त्यांच्यासाठी आम्ही दोघे शनिवारी भोसरीच्या छोट्या वर्कशॉपांतून हिंडलो. एका लेथवाल्याने जुना झिजलेला बुश हातात घेतला, मापला आणि नवा कातून दिला. ज्या पट्ट्यात मोटारींचे इतके सुटे भाग बनतात, तिथे बंद पडलेल्या कारखान्याच्या गाडीलाही अनाथ व्हावे लागत नाही. इंजिनिअर असलेल्या माझ्या भाच्याने व्हर्निअर पहिल्यांदा कामाचा असा तिथे धरला. आणि बापाने कोणते बोल्ट कितीदा बदलले होते, तेही त्याला गाडी खोलताना कळले. मेहुण्यांनी प्रत्येक दुरुस्तीची तारीख पेन्सिलीने एका वहीत लिहून ठेवली होती. आता तिच्यात पुढची पाने मुलाच्या अक्षरात आहेत.

तेव्हा कोणी विचारले, की जुन्या स्पोर्ट्स गाडीवर भरमसाट खर्च करणे योग्य काय, तर माझे उत्तर तयार आहे. थांबवणाऱ्या वस्तूंवर आधी खर्च करा, पळवणाऱ्यांवर नंतर. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून जपून ठेवा. गाडी विकण्याच्या बेताने एक रुपयाही घालू नका. ती ठेवण्याच्या बेताने घालाल तो तुमच्या ऐपतीतला असू द्या. टर्बोची हौस भाच्याच्या मनातून गेली आहे, असे मी म्हणणार नाही. मधूनच तो नेटवर त्याच्या किमती पाहतो, आणि पाहू दे! हौस मरावी असे मला वाटत नाही. तिला घरच्या उंबऱ्याची उंची कळावी, इतकेच. घडणावळ परत मिळत नाही हे खरे; पण ज्याने स्वतःच्या हाताने थोडे घडवले, त्याला ती परत मागावीशीही वाटत नाही.