तेलाचा कॅन आणि सासूबाईंची तोटी

तेलाचा मोठा कॅन ही संसारातली भारी मिजासखोर वस्तू आहे. तूप चमच्याने निघतं, पीठ वाटीने निघतं, रॉकेलसुद्धा एके काळी पंपाने निमूट बाटलीत उतरायचं. पण पंधरा लिटरचा तेलाचा कॅन किटलीवर वाकवला की तो आपल्या मनाचा राजा! आधी काहीच येत नाही. मग एकदम भसकन धार येते, लगेच थांबते, आतून 'गुडुक' असा आवाज होतो आणि पुढचा लोट किटलीच्या कडेवर, ओट्यावर आणि आपल्या पायावर. फरशी पुसता पुसता आपण म्हणतो, "हात हलला वाटतं."

मैत्रिणींनो, हाताला उगाच दोष देऊ नका. ही सगळी करामत हवेची आहे. कॅनमधून जेवढं तेल बाहेर येतं तेवढी जागा आत रिकामी होते. ती भरायला बाहेरची हवा आत जायला हवी. पण दार एकच! तेल त्याच तोंडातून बाहेर येणार, हवा त्याच तोंडातून आत शिरणार. एस.टी.च्या दारात उतरणारे आणि चढणारे एकमेकांना भिडावेत तसं होतं. आतल्या हवेचा दाब कमी पडतो, बाहेरची हवा तेलाला मागे रेटते, एक मोठा बुडबुडा आत घुसतो – तोच तो 'गुडुक' – आणि क्षणभर मोकळीक मिळालेलं तेल एकदम उसळी मारतं. बाहेरच्या हवेचा रेटा काही थोडाथोडका नाही. दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो! आपल्याला तो जाणवत नाही एवढंच.

हे शास्त्र मी काही हौसेने शिकले नाही. आमच्या घरात ते एका मनगटापायी आलं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सासूबाई अंगणात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. शस्त्रक्रिया झाली, प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, पण पकड पूर्वीची राहिली नाही. भाकरी थापता येते, भाजी चिरता येते, पण जड उचलणं बंद. पंधरा लिटर तेल म्हणजे कॅन धरून चौदा किलोंच्या घरात जातं. मी सकाळी शाळेत जाते, हे साडेसातलाच कामावर जातात. दिवसभर घरी त्या एकट्या.

मग मी रोज सकाळी तेलाची किटली भरून ओट्यावर ठेवायला लागले. तुम्ही म्हणाल, झालं की मग! मलाही तसंच वाटायचं. पण हळूहळू दुपारच्या जेवणातून फोडणी कमी व्हायला लागली. कधी नुसतं दूध-भाकरी, कधी कच्चा कांदा आणि चटणी. किटली संध्याकाळी जवळजवळ तशीच भरलेली. डॉक्टरांनी तेल बंद केलं नव्हतं. एकदा मी विचारलंच, "आई, आमटी का नाही केली?"

त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, चाळीस वर्षं या घरातलं तेल माझ्या हातानं निघालं. आता तू काढून ठेवशील तेवढ्यात भागवायचं. मोजून दिल्यासारखं वाटतं बघ."

मला माझे लग्नानंतरचे पहिले दिवस आठवले. तेव्हा सासूबाई सकाळी तेल काढून द्यायच्या आणि मी त्यात भागवायची. कोणी कोणाला टोचून बोलत नव्हतं, पण घरातली सत्ता कुठे आहे हे त्या वाटीभर तेलाला बरोबर ठाऊक असायचं. आता वाटी फिरली होती, आणि मला ती फिरलेली नको होती. तेव्हा एकच उपाय. कॅन न उचलता, एका हाताने, हवं तेवढं तेल त्यांना स्वतःला काढता आलं पाहिजे.

कॅन आडवा ठेवून बुचाच्या जागी तोटी बसवावी, हा पहिला विचार कोणालाही सुचेल. पण साधी तोटी लावली की पुन्हा तीच रड. थोडं तेल येतं, धार बारीक होते, थांबते, मग गुडुक. हवेला वाट हवीच.

ती वाट कशी द्यायची हे मी आधी दवाखान्यात पाहिलं होतं. सासूबाईंना सलाईन लावताना सिस्टरनी बाटली उलटी टांगली आणि वर आलेल्या बुडात एक सुई नुसतीच टोचून ठेवली. "ही कशाला?" म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "हवेसाठी. हवा आत गेली नाही तर थेंब थांबतील." पुढे कळलं की काही सलाईनच्या नळ्यांनाच हवेची बारीक खिडकी असते, आणि तिच्यावर गाळणी असते. मऊ पिशवीतल्या सलाईनला हवा लागत नाही, कारण पिशवी आपोआप चपटी होत जाते. (आपण मात्र पेशंटच्या सलाईनला कधीही हात लावू नये, हे सांगायला नकोच!)

आणि खरं सांगायचं तर आम्हा नेवाशाच्या बायकांना यासाठी दवाखान्यातही जायला नको. ज्ञानोबांनी पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली ते आमचं नेवासं तुम्हाला माहीत असतं. पण त्याच्याही कितीतरी आधीचं नेवासं प्रवरेकाठच्या मातीत आहे. डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1954 ते 1956 या काळात इथे उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीची भांडी निघाली. लाल रंगाची, वर काळी नक्षी. त्यांना 'जोर्वे' पद्धतीची भांडी म्हणतात, कारण ती आधी आपल्याच जिल्ह्यात, संगमनेरजवळच्या जोर्वे गावी सापडली होती. त्यांतल्या काही भांड्यांना कुशीत नळीसारखी तोटी असते आणि वर पसरट तोंड. म्हणजे पाणी एकीकडून बाहेर, हवा दुसरीकडून आत. ज्या कोणी बाईने ते भांडं वापरलं असेल तिच्या चुलीपाशी गुडुक होत नसणार! आपला कमंडलू, झारी, चहाची किटली, सगळी त्याच वंशातली. किटलीच्या झाकणाला बारीक भोक असतं ना? वाफ बाहेर जाते तशी चहा ओतताना त्यातून हवा आत येते.

प्राचीन ग्रीसमध्ये तर मोठ्या रांजणातून द्रव उचलायला एक मजेदार भांडं होतं. बुडाला बारीक भोकं, वर अरुंद नळी. वरच्या नळीवर बोट दाबलं की आतलं पाणी खाली पडत नाही, बोट काढलं की गळतं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या एम्पिडॉक्लिस नावाच्या तत्त्वज्ञाने श्वासोच्छ्वास समजावून सांगताना अशा भांड्याशी खेळणाऱ्या एका मुलीचा दाखला दिला आहे. पाहा, इतक्या मोठ्या शास्त्रालाही शेवटी घरातल्या पोरीचं भांडंच उपयोगी पडलं.

तर मी वहीच्या मागच्या पानावर चित्र काढलं आणि नेवासा फाट्यावरच्या एका लेथवाल्या काकांकडे गेले. त्यांनी चित्र उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "ताई, एवढा खटाटोप कशाला? साधी तोटी लावा आणि कॅनला वरून एक भोक पाडा."

त्यांचं चुकीचं नव्हतं. पत्र्याच्या डब्याला आपण समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन भोकं पाडतो ती याचसाठी. पण महिना-दीड महिना चालणाऱ्या कॅनला कायमचं उघडं भोक म्हणजे मुंग्यांना आमंत्रण, आणि वर धूळ. भोकाला बूच लावलं तर तेल घेताना आधी बूच काढा, मग तोटी फिरवा. सासूबाईंचा एक हात किटलीला, दुसरा अधू. तिसरा आणायचा कुठून? मला हवी होती अशी तोटी की एकाच फिरकीत तेलाची वाट आणि हवेची वाट दोन्ही उघडतील, आणि दोन्ही एकदमच बंद होतील.

हे ऐकल्यावर काकांचे डोळे चमकले. कारागिराला अवघड काम मिळालं की तो खुलतो. मग त्यांनीच एकेक गोष्ट पुढे मांडली.

तोटीच्या आडव्या खिट्टीला एकाऐवजी दोन भोकं पाडायची. खालचं मोठं तेलासाठी, वरचं बारीक हवेसाठी. खिट्टी पाव फेरा फिरली की दोन्ही वाटा समोर येतात. हवेचं भोक बारीक असलं तरी चालतं, कारण तेलाच्या मानाने हवा कितीतरी पातळ, चिमुकल्या वाटेनेही भरभर शिरते. हवेच्या वाटेला आतून एक नळी जोडायची आणि ती वाकवून आडव्या कॅनच्या अगदी वरच्या बाजूला न्यायची. तिथे हवाच असते, म्हणून हवा तेलातून बुडबुडे काढत न जाता थेट वर पोचते. बाहेरच्या बाजूला हवेचं तोंड तेलाच्या तोंडापेक्षा वर ठेवायचं, म्हणजे कोणी कुठून जायचं याचा घोटाळा होत नाही.

मी म्हटलं, "पितळेची करा, छान दिसेल." त्यावर काका म्हणाले, "खायचं तेल आहे ना? मग स्टील." ते अगदी खरं आहे. तांब्या-पितळेच्या संगतीत तेल लवकर खवट होतं. आतल्या रिंगांनाही त्यांनी साधं रबर घेतलं नाही. साधं रबर तेलात फुगतं, म्हणून तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबराच्या रिंगा आणल्या. गोल चावीऐवजी वीतभर लांब दांडा लावायचा, हे मात्र माझं. गोल चावी फिरवायला मनगट पिळावं लागतं. लांब दांडा तळहाताने किंवा कोपरानेही ढकलता येतो.

आठ दिवसांनी तोटी आली. आधी कॅनमध्ये नुसतं पाणी भरून, लाकडी घडवंचीवर आडवा ठेवून पाहिलं. एक रात्र तसाच ठेवला. खाली अंथरलेला कागद सकाळी कोरडा होता, तेव्हा कुठे कॅन वाळवून तेल भरलं.

सासूबाई आठवडाभर "माझ्यासाठी कशाला एवढा खर्च" म्हणत होत्या. त्यांनी दांडा कोपराने खाली ढकलला. तेलाची धार आली ती अखंड, सरळ, काचेच्या कांडीसारखी. आवाज नाही, उसळी नाही. दांडा वर केला की धार तिथेच तुटली. एक थेंब तेवढा ओघळला, तो त्यांनी बोटाने टिपून केसांना लावला. मग म्हणाल्या, "आपल्या मोहिनीराजानं देवांना अमृत वाढलं, तेव्हा कुंभाला अशी तोटी होती का गं?" इतक्या दिवसांत त्यांनी केलेली ती पहिली थट्टा.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर घरात लसणाच्या फोडणीचा वास भरलेला. ओट्यावर माझी किटली काठोकाठ भरलेली. सासूबाई म्हणाल्या, "संध्याकाळच्या भाजीचं काढून ठेवलंय." मी हसले आणि मुकाट्याने त्या तेलात भागवलं!

आता ज्यांच्या जवळ लेथवाले काका नाहीत त्यांच्यासाठी चार गोष्टी.

कॅनचं तोंड एका कडेला असेल तर ओतताना ती कड वर ठेवा, खाली नको. मग धारेच्या वरून हवेला आत जायला जागा राहते आणि गुडगुड होत नाही. सुरुवातीला उलटं वाटतं, पण करून पाहा.

नरसाळं बाटलीच्या तोंडात घट्ट बसलं की तेल वरच अडून राहतं, कारण बाटलीतल्या हवेला बाहेर पडायला फट नसते. नरसाळं आणि बाटली यांच्यामध्ये एक स्वच्छ काडी खुपसा.

पाण्याच्या स्टीलच्या टाकीची तोटी मध्येच मंदावली तर लगेच तोटी बदलू नका. आधी वरचं झाकण सैल करून पाहा.

फिनेल किंवा ॲसिड मोठ्या कॅनमधून काढताना उसळी डोळ्यांत उडू शकते. अगदी हळू ओता आणि तोंड लांब ठेवा. आणि रॉकेल, पेट्रोल, डिझेल नळीने तोंडाने ओढून काढू नका, मुलांनाही करू देऊ नका. घोटभर जरी श्वासात गेलं तरी फुप्फुसाला गंभीर इजा होते.

आमची तोटी दर वेळी कॅन संपला की सासूबाईच उघडतात. गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने आतली नळी धुतात, उन्हात पूर्ण वाळवतात आणि मगच नव्या कॅनला लावतात. पाण्याचा थेंब तेलात जाता कामा नये, हा त्यांचा नियम. परवा शेजारच्या काकू तोटी पाहायला आल्या होत्या. सासूबाईंनी त्यांना दांडा ढकलून दाखवला, हवेची नळी दाखवली आणि फाट्यावरच्या काकांचा पत्ताही दिला.