सहा घरांचा तक्ता

माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते, आणि दप्तरातून रद्द झालेले पाठकोरे कागद ते आम्हां भावंडांसाठी घरी आणीत; अशाच एका कागदावर, १९५७ च्या पावसाळ्यात, पुण्यातल्या संध्याकाळच्या वर्गाहून परतल्यावर, मी जर्मन क्रियापदाचा वर्तमानकाळ प्रथम मांडला. मी संस्कृतचा विद्यार्थी होतो, आणि १८५५ ते १८७५ या काळात सेंट पीटर्सबर्गहून सात खंडांत निघालेला बोटलिंक आणि रोट यांचा संस्कृत महाकोश जर्मन भाषेत असल्यामुळे ती भाषा शिकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

संस्कृताच्या नऊ घरांची मला सवय. इथे द्विवचन नाही, म्हणून घरे सहाच. 'लेर्नेन' म्हणजे शिकणे. त्याच्या शेवटचा 'एन' बाजूला काढला की 'लेर्न' हे अंग उरते, आणि मग इश लेर्ने, डू लेर्न्स्ट, एर लेर्न्ट, विअर लेर्नेन, ईअर लेर्न्ट, झी लेर्नेन. घरे सहा, पण प्रत्यय चारच. 'तो' आणि 'तुम्ही' यांचा 'ट' सामायिक, 'आम्ही' आणि 'ते' यांचा 'एन' सामायिक. स्वतंत्र नोंद केवळ दोघांची, मीची आणि तूची. आमची पाठावली 'पठति'पासून, म्हणजे 'तो'पासून सुरू होत असे. हा तक्ता 'मी'पासून सुरू होतो, याचेही मला त्या रात्री नवल वाटले. 'आर्बाइटेन', काम करणे, याचे रूप मी 'डू आर्बाइट्स्ट' असे लिहून नेले, तेव्हा गुरुजींनी तांबड्या शाईने मध्ये एक 'ए' घातला आणि अंगाच्या अखेरीस ट किंवा ड आला म्हणजे उच्चारासाठी हा स्वर मध्ये येतो असे सांगितले. मला संस्कृतातल्या इडागमाची, म्हणजे असाच मध्ये येणाऱ्या 'इ'ची, आठवण झाली, आणि परक्या घरात ओळखीचे भांडे दिसावे तसे झाले.

संस्कृत आणि जर्मन यांचे हे नाते फ्रान्झ बोप याने १८१६ साली, ऐन पंचविशीत, फ्रांकफुर्टहून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले होते, आणि त्या ग्रंथाचा विषयच मुळी क्रियापद चालवण्याची पद्धती हा होता. 'पठति'तला 'ति' झिजून 'लेर्न्ट'चा 'ट' उरला आहे. 'सन्ति' आणि 'झिंट' ही तर शेजारी ठेवताच एकमेकांना ओळखतात. 'पठसि'तला 'सि' 'डू'च्या रूपात आहे, आणि त्याला चिकटलेला 'ट' मात्र मागाहूनचा. शतकानुशतके क्रियापदाच्या लगेच पुढे 'तू' उच्चारला गेल्यामुळे त्या सर्वनामाचा पहिला वर्णच प्रत्ययात मुरला, असे मानतात. माझ्या मराठीतल्या 'करतोस', 'करतेस' यांतला 'स' त्याच कुळीचा.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवून गेलेले कीलहॉर्न पुढे ज्या ग्यॉटिंगेनला प्राध्यापक झाले, तिथे मी १९६१ साली दाखल झालो, आणि तीन वर्षांच्या मुक्कामात माझ्या तक्त्यातले दुसरे घर रिकामेच राहिले. विद्यार्थी त्या काळी परस्परांना 'झी' म्हणत. हे 'झी' म्हणजे 'ते'च, आदरासाठी मोठ्या अक्षराने लिहिलेले, जसे आपण 'वडील येतात' म्हणतो. घरमालकीणबाई मला रोज दोनदा कॉफी देत, माझ्या मोज्यांना रफू करून देत, आणि अखेरपर्यंत 'झी'च म्हणत. जेवणापूर्वी हात जोडून त्या देवाशी बोलत, तेव्हा तेवढा त्यांच्या तोंडी 'डू' येई. आपल्याकडेही देवाला आणि आईला 'तू'. वडिलांना मात्र मी जन्मभर 'तुम्ही' म्हटले. दर रविवारी मी आईला पत्र लिही, त्यात 'वेळेवर जेवतेस ना?' हा प्रश्न ठरलेला. माझ्या वाट्याचा सगळा 'स' त्या निळ्या हवाई पत्रावर पुण्याला जात असे. १९६३ च्या मार्गशीर्षात तार आली, आणि पुढच्या रविवारी टेबलाशी बसल्यावर हातात लेखणी असूनही मला एकही वाक्य सुरू करता येईना. वडिलांना पत्र लिहिले, ते 'तुम्ही जेवता ना?' असे.

परतल्यावर पस्तीस वर्षे मी तो तक्ता फळ्यावर आखला. 'स्ट'पाशी खडू क्षणभर थांबे, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आले असेल की नाही, कोण जाणे.

माझी मुलगी आता हानोव्हरला असते, आणि गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे खिडकीपाशी काही लिहीत बसलो असता चार वर्षांची नात आली, माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकून म्हणाली, "आजोबा, वास श्राइब्स्ट डू?" काय लिहितोस? जर्मनमध्ये मला 'डू' म्हणणारे माणूस आयुष्यात हे पहिलेच. "इश श्राइबे," एवढेच मी कसेबसे म्हणालो, मग कागद बाजूला सारून तिला मांडीवर घेतले आणि विचारले, "आणि तू? तू काय करतेस?"